अकरा वेळा येऊन राहिला

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास निकेश खिडकीचा पडदा सारायचा, संगणकापुढे बसायचा आणि मोठ्याने बोलायला लागायचा. "माय, मले भूक लागली." मग थांबायचा, पडद्यावर काय अक्षरं उमटली ते बघायचा, तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा म्हणायचा, "माय, मले भूक लागली." खोलीत माय नसायची आणि भूकही लागलेली नसायची. फिनलंडमधल्या ताम्पेरे नावाच्या शहरात, चौथ्या मजल्यावर, हा चौतीस वर्षांचा गडी तास-दोन तास असा एकटाच साकोली तालुक्यातल्या बोलीत बडबडत बसायचा. "बांधीत पानी हाय का?" "बैल काहून बसला?" "रोवना झाला का नाई?" बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत सात-आठ माणसं पंगतीला बसली आहेत.

ऐकणारी एकच होती, शेजारच्या हिल्काबाई. त्या देशात लिफ्टमध्ये अनोळखी माणसाशी बोलणं म्हणजे जवळजवळ आगाऊपणाच. तरी एके दिवशी हिल्काबाईंनी तीन वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्याकडे पाहुणे आलेत वाटतं. छान झालं." निकेश हो म्हणाला. मी एकटाच बोलत असतो असं सांगण्यापेक्षा पाहुणे आलेले परवडले. दुसऱ्या दिवशी बाईंनी दाराशी पाहुण्यांसाठी दालचिनी घातलेले सहा गोड पाव ठेवले. ते त्याने सहा दिवस पुरवून खाल्ले.

निकेशची नोकरी चांगली होती, पण जीव नोकरीत नव्हता. त्याचा जीव फुकटच्या कामात. कोणीही घ्यावं, कोणीही बदलावं, पैसा कोणी मागू नये, अशी सॉफ्टवेअरं जगभरचे हौशी लोक मिळून लिहितात, त्या मंडळींतला तो. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. त्या मंडळींत त्याचं टोपणनाव होतं 'हलर'. धान भरडायच्या यंत्राला आपल्याकडे हलर म्हणतात, हे तिथं कोणाला ठाऊक असणार? वर्षातून चार-पाचदा या लोकांचे मेळावे भरत, कधी रीगाला, कधी ब्रनोला. निकेश पाठीवर पिशवी टाकून जायचा. तिथं अर्धा तास बोलायचा, लोक टाळ्या वाजवायचे, "वा, हलर," म्हणून हात मिळवायचे. जेवणाच्या वेळी मात्र ताटली घेऊन खिडकीशी उभा राहायचा. बोलण्याचा विषय संपला की बोलणंही संपायचं. घर कुठलं, घरी कोण असतं, हे कोणी विचारायचं नाही, आणि त्याचं त्याला वाईट वाटायचं.

हे टोपणनाव त्याने उगाच घेतलं नव्हतं. त्याचे वडील तुलाराम एकोडीजवळच्या एका राईस मिलमध्ये एकतीस वर्षं हलरवर होते. घरची दोन एकर धानाची शेती, ती माय, म्हणजे गोदावरीबाई, बघायची, तुलाराम मिलमध्ये. हंगामात सकाळी सातपासून तो घरघराट सुरू व्हायचा. कानात कापसाचा बोळा घाला म्हटलं तर तुलाराम म्हणायचे, "मंग दाना फुटून राहिला का साजरा निंगून राहिला, हे कसं समजन?" ते आवाजावरून दाणा ओळखायचे. आवाजानेच शेवटी त्यांचे कान नेले. आधी डावा गेला, मग उजवा, आणि गेल्या सहा वर्षांत तर पायाशी भांडं पडलं तरी मान वळेना.

कानाचं यंत्र आणून पाहिलं. तुलारामांनी दोन दिवस लावलं आणि काढून डब्यात ठेवलं. "हे लावलं का डोस्क्यात हलरच चालू होते," म्हणाले. तेव्हापासून घरातली प्रत्येक बातमी त्यांना सगळ्यांच्या शेवटी कळायला लागली. धाकट्या लेकीचं, रुपाचं, अड्याळला लग्न ठरलं ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं, तेही पत्रिकेचा नमुना हाती आल्यावर. फोनवर निकेश मायशी बोलायचा, बाबा शेजारी बसून मायच्या तोंडाकडे बघत राहायचे. ती हसली की हसायचे. फोन ठेवल्यावर विचारायचे, "काय मने?" आणि माय हाताने खूण करायची: बरा आहे.

तीन वर्षांपूर्वी निकेश तीन आठवडे घरी येऊन गेला होता. बाप-लेक ओसरीवर समोरासमोर बसायचे. निकेश ओरडून एक वाक्य बोलायचा, बाबा भलतंच उत्तर द्यायचे, रस्त्याने जाणारी माणसं थांबून ऐकायची. कागदावर लिहून दाखवावं तर "हवा कशी आहे"च्या पुढे लेखणी जाईना. चौथ्या दिवशी निकेश लॅपटॉप उघडून आतल्या खोलीत जो बसला तो सुट्टी संपेपर्यंत. जाताना बाबा थांब्यापर्यंत आले आणि बस वळेपर्यंत उभे राहिले. त्यानंतर दोनदा तिकीट काढलं आणि दोन्हीदा रद्द केलं. कारण सांगितलं कामाचं. खरं कारण त्याचं त्याला माहीत होतं: त्या ओसरीवरच्या गप्प बसण्याची त्याला भीती वाटत होती. बाप अडुसष्ट वर्षांचा झाला होता आणि लेकाजवळ त्याच्याशी बोलायचं साधन नव्हतं.

म्हणून हा उद्योग. इकडे निकेशने बोलायचं, तिकडे बाबांच्या टॅब्लेटवर मोठमोठी अक्षरं उमटायची. बाबा सातवी पास; थांब्यावरच्या टपरीत बसून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. वाचण्याची अडचणच नव्हती. बाबांनी उत्तर द्यायचं तर हिरवं बटण दाबून तोंडाने बोलायचं, त्यांचा आवाज निकेशला ऐकू जाईल. सोपं काम.

पण तयार मिळणारी सॉफ्टवेअरं पुस्तकातलं मराठी शिकलेली. 'मले' म्हटलं की ती 'मळे' लिहायची. 'काहून'चं 'काढून' करायची. सगळ्यांत जास्त छळलं ते एका वाक्यानं: "मी घरी येऊन राहिलो." आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे: मी घरी येतो आहे, वाटेत आहे. यंत्र लिहायचं, 'मी घरी येऊ नये राहिलो.' पुण्याच्या एका मित्राला हे गाऱ्हाणं सांगितलं तर तो म्हणाला, "पण तू घरी येऊन राहिलास कधी?" त्याच्या मराठीत त्याचा अर्थ, घरी आला आणि मुक्काम केला. निकेशने फोन बाजूला धरून दोन मिनिटं हसून घेतलं, आणि नंतर बराच वेळ त्याला हसू आलं नाही.

तेव्हा त्याने स्वतःच्याच आवाजात चार हजार वाक्यं बोलून यंत्राला शिकवायचं ठरवलं. शनिवारचा तो बडबडाट हाच. रोज न बोलल्यामुळे काही शब्द त्याचे त्यालाच आठवत नसत. शेताच्या बांधाला आपण धुरा म्हणतो हे आठवायला त्याला एक अख्खी दुपार लागली, आणि आठवलं तेव्हा तो खोलीभर फेऱ्या मारत "धुरा, धुरा" म्हणत सुटला. हिल्काबाईंना वाटलं असेल, पाहुण्यांत भांडण लागलं.

दिवाळीनंतर रुपाने अड्याळहून येऊन टॅब्लेट लावून दिली. तिने माहेरच्यांना समजेल असं एकच ठेवलं: दुरून आलेलं असो की घरात बोललेलं, अक्षरं त्याच एका पडद्यावर उमटायची. मायनेही पुढ्यात बसून बोलून पाहिलं. पण यंत्र निकेशच्याच आवाजावर पोसलेलं. मायच्या "जेवाले चला"चं त्याने 'जावाले चहा' केलं. माय म्हणाली, "हे मशीन पोराचंच आयकते," आणि तिने नाद सोडला.

पहिल्या दिवशी निकेश म्हणाला, "बाबा, मी निकेश. वाचता येऊन राहिलं का?" मग एकदम बाबांचा आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा, खोली भरून टाकणारा: "येऊन राहिलं." आणि पुन्हा थोड्या वेळाने, "तठी तलाव हाय का?"

"दोन हायेत. एकोडीच्या तलावापेक्षा लगित मोठे. थंडीत गोठून जाते, लोक वरून चालत जाते."

"बुडत नाई?"

"नाई."

"मासोऱ्या?"

"बर्फाले भोक पाडून धरते."

बाबा हसले. सहा वर्षांत लेकाच्या बोलण्यावर बाप पहिल्यांदा वेळेवर हसला होता. निकेशने ते हसणं जपून ठेवलं आणि पुढचा आठवडाभर ऑफिसला जाताना ट्राममध्ये कानाला लावून ऐकलं.

त्यानंतर दर रविवारी बोलणं व्हायचं. बोलणं म्हणजे काय, तर धानाला किती कोंडा पडला, शेतातली बोडी, म्हणजे छोटं तळं, कुठपर्यंत भरली आहे, तिकडे भात मिळतो का. मोठं काही नाही. निकेशला तेवढंच पाहिजे होतं.

फेब्रुवारीत ब्रनोला मेळावा होता. निघण्याआधी त्याने यंत्रात बरेच बदल केले आणि बदलांनंतर सगळं ठीक चाललंय का हे तपासायला एक चाचणी लावून दिली. चाचणीला वाक्य कोणतं? अर्थात सगळ्यांत अवघड. त्याचं ध्वनिमुद्रण यंत्र दिवसातून चारदा आपोआप वाजवणार, लिहून काढणार आणि चुका मोजणार. एक मात्र विसरला: चाचणीची दोरी बाबांच्या टॅब्लेटपासून सोडवायची. लाखो लोकांच्या उपयोगी पडेल असं काटेकोर काम करणारा माणूस, आणि घरच्या कामात असा वेंधळा.

मेळाव्यात त्याचं भाषण छान झालं. परतीच्या गाडीत बसला होता तेव्हा मायचा फोन आला.

"काहून रे, तू येनार होता का?" मायने विचारलं.

"नाई. काहून?"

"तुहे बाबा तीन दिवसापासून थांब्यावर जाऊन बसून राहिले. धुतलेला सदरा घालते आन जाते. साकोलीची बस येते, जाते, मंग घरी येते. मले काई सांगत नाई. त्या मशीनमंदी काय वाचलं देव जाने, मले त कारं अक्षर भैस बराबर."

निकेशने लॅपटॉप उघडला. बाबांच्या टॅब्लेटवर गेलेली वाक्यं एकाखाली एक लागली होती. मी घरी येऊन राहिलो. मी घरी येऊन राहिलो. एकूण अकरा. एकही चूक नव्हती. इतकं निर्दोष काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि आता ते बघताना त्याला स्वतःची लाज वाटली. बहिरा म्हातारा धुतलेला सदरा घालून थांब्यावर बसला आहे, बस आली की दारातून उतरणाऱ्यांची तोंडं निरखतो आहे, हे त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. गाडीत आजूबाजूला माणसं होती म्हणून तो खिडकीकडे तोंड करून बसला.

चाचणी त्याने गाडीतच बंद केली. घरी पोचल्यावर कितीतरी वेळ काय बोलावं ते जुळवत बसला. शेवटी म्हणाला, "बाबा, मी नाई येऊन राहिलो. ते मशीन तपासून राहिलं होतं. माही चूक झाली."

हिरवं बटण दाबल्याचा आवाज आला. "मले मालूम हाय," बाबा म्हणाले. "येनारा मानूस एक डाव सांगते. अकरा डाव कोन येऊन राहते? आमी बी सकारी धान टाकाच्या पहिले हलर रिकामा फिरवून पाहो. तसंच हाय ते."

"मंग थांब्यावर कायले गेले?"

निकेशला वाटलं, अक्षरं पोचली नाहीत. त्याने पुन्हा विचारायला तोंड उघडलं.

"वाचून साजरं वाटलं," बाबा म्हणाले. "घरी बसून वाट पाहाले जमत नाई. तठी बसलं का जमते."

त्या दुपारी निकेशने तिकीट काढलं, रद्द न होणारं. ऑफिसात विचारलं नाही, कळवलं. पंधरा दिवसांनी निघायचं होतं. मायला फोन करून सांगितलं असतं तर सगळं सरळ होतं. पण याला हौस आली. सहा वर्षं घरातली प्रत्येक बातमी बाबांना शेवटी कळली. ही त्यांना सगळ्यांच्या आधी कळावी, आणि त्यांनी ती मायला सांगावी. रुपालाही त्याने पत्ता लागू दिला नाही. दाराला कुलूप लावताना हिल्काबाई भेटल्या. "पाहुणे गेले का?" त्यांनी विचारलं. या वेळी निकेश खरं बोलला: पाहुणे कधी नव्हतेच, मी घरी जातोय. बाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. आवाज एकच यायचा."

विमानतळावर जागा शोधून त्याने फोन तोंडाशी धरला आणि प्रत्येक शब्द नीट म्हटला: "बाबा, मी घरी येऊन राहिलो." पोचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. बाबा आनंदाने मायला सांगायला उठले असतील, असं समजून तो विमानात बसला. दिल्ली, नागपूर, मग हायवेने साकोली, तिथून गावची बस. अख्ख्या वाटेत तो एकच चित्र रंगवत होता: बस थांबेल, दार उघडेल, समोर धुतलेला सदरा.

बस थांबली, दार उघडलं. समोर टपरी होती आणि टपरीवाले भैय्याजी चहा गाळत होते. बाक रिकामा होता. निकेशने पिशव्या उतरवल्या आणि बस गेल्यावर रस्त्याच्या पलीकडेही पाहिलं, म्हातारा सावलीला उभा असेल म्हणून. तिथंही कोणी नव्हतं.

भैय्याजींनी त्याला ओळखायला थोडा वेळ घेतला. "अरे, निकेश का? तू खरंच आला?"

"बाबा नाई आले का?"

"तुहे बाबा? पंधरा दिवसापहिले बसत होते इथी. आज सकारी पेपर वाचाले आले, तवा मी मनलं, काय तुलारामभाऊ, पोरगा कवा येते? पाटीवर लिहून दाखोलं. त मने, नाई येत, मशीन तपासून राहिला. काल पुन्हा एक डाव तपासलं मने." भैय्याजींनी चहाचा ग्लास पुढे केला. "बस, चहा घे."

निकेश त्या बाकावर बसला. बारावं वाक्य खरं होतं, आणि अकरा खोट्यांच्या रांगेत ते उभं राहिलं होतं. लांडगा आला रे आला, असं ओरडणाऱ्या पोराची गोष्ट तो शाळेत शिकला होता. इथं कोणी ओरडलंही नव्हतं. हजारो मैल ओलांडून माणूस आपल्या गावच्या थांब्यावर उतरला होता आणि त्याची वाट कोणी बघत नव्हतं. बाबांना इथं बसून काय वाटत असेल, हे त्याला आता कळलं. चहा त्याने अर्धाच प्यायला.

घराचं फाटक उघडंच होतं. माय धानाच्या बांधीत लाखोरीचं कडधान्य कापायला गेली असावी; विळा जागेवर नव्हता. अंगणात खाटेवर बाबा फाटकाकडे पाठ करून बसले होते आणि दोर वळत होते. मानेवरची हाडं वर आली होती. पुढ्यात पितळी लोट्याला टेकवून टॅब्लेट ठेवलेली, सुरू. सदरा मळका होता.

निकेशने पिशव्या खाली ठेवल्या. बापाच्या मागे चार पावलांवर उभा राहून तो म्हणाला, "बाबा, मी आलो."

टॅब्लेटवर मोठी अक्षरं उमटली: बाबा, मी आलो.

तुलारामांनी दोर वळणं थांबवलं, वाकून वाचलं, हिरवं बटण दाबलं आणि फिनलंडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हाव. काल 'येऊन राहिलो' होता, आज 'आलो' झाला. सुधरली तुही मशीन." पुन्हा दोर हातात घेतला. मग जरा थांबून, पुन्हा बटण दाबून म्हणाले, "पन आता मी थांब्यावर नाई जात, बाप्पा. गुडघे दुखते. तू तपासत राह. जेवन करून घेत जा टाइमावर."

निकेशला बोलायचं होतं. चार हजार वाक्यं त्याने या माणसाशी बोलता यावं म्हणून यंत्राला ऐकवली होती, आणि आता तोंडातून एकही निघेना. पडदा कोरा राहिला. बाबांनी वाट पाहिली, बोटाने पडद्यावर टकटक केली, टॅब्लेट उचलून हलवली.

उतरतीचं ऊन निकेशच्या पाठीवर होतं. तो दोन पावलं पुढे झाला तशी त्याची सावली खाटेवर पडली. तुलारामांनी सावली पाहिली. गोदावरी बांधीतून आली असेल, असं त्यांना वाटलं. मागे न बघता त्यांनी टॅब्लेट खांद्यावरून मागे धरली.

"पाह वो," ते म्हणाले, "पोरगा बोलता बोलता बंद पडला."

निकेशने ती घेतली. घेताना त्याने बाबांची बोटं धरली आणि सोडली नाहीत. म्हाताऱ्याने थोडा वेळ तशीच राहू दिली, मग मान वळवली.